शासकीय माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण

मंत्रालये, राज्यांची खाती, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँका यांतील मुख्य माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांना दिले जाणारे सेवांतर्गत शिक्षण. भारतात जानेवारी 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘सायबर सुरक्षित भारत’ उपक्रमाने त्याची घडी बसवली. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स विभाग खासगी कंपन्यांच्या साहाय्याने साधारण 5 दिवसांच्या तुकड्या घेतो.

हल्ल्यांचे प्रकार लवकर शिकवून होतात. खरा वेळ द्यावा लागतो तो पहिल्या सहा तासांना. ‘सर्ट-इन’ या सायबर हल्ल्यांना तोंड देणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून तिला 6 तासांत कळवणे बंधनकारक आहे. शनिवारी रात्री फायली उघडेनाशा झाल्या आणि टिपणी वरिष्ठांच्या मान्यतेला गेली, की मुदत तिथेच संपते. म्हणून कळवण्याचा अधिकार आधीच लेखी सोपवून घ्यावा. अहवालाचा नमुना व दूरध्वनी क्रमांक कागदावर छापून ठेवावेत, कारण फायली हाताळणारी ‘ई-ऑफिस’ ही संगणक प्रणालीच बंद असू शकते.

याच निर्देशांनुसार लॉग, म्हणजे यंत्रांवरील हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपायचे असतात. पण घड्याळे जुळत नसतील तर ते वाचताना घोळ होतो. फायरवॉल (नेटवर्कच्या वेशीवरची सुरक्षा यंत्रणा) साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर आणि सर्व्हर भारतीय वेळेवर असेल, तर पहाटे 2:10 चा शिरकाव फायरवॉलमध्ये आदल्या रात्रीचा 20:40 दिसतो आणि तपासणारा भलत्याच नोंदी चाळत बसतो. हा सराव प्रत्येकाकडून हाताने करून घेणे फार गरजेचे आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये 5 सर्व्हरवरील सुमारे 1.3 टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कूटबद्ध केल्याने कुलूपबंद झाली. संसदेत सांगितलेले कारण होते नेटवर्कची सदोष विभागणी. बॅकअपही असाच वेगळा ठेवावा लागतो: तो त्याच अ‍ॅडमिन खात्याखाली असेल, तर मूळ माहितीसोबत तोही जातो. बॅकअप ‘यशस्वी’ असल्याचा संदेश पुरेसा नाही. एक प्रणाली वेगळ्या यंत्रावर उभी करून किती तास लागले ते मोजावे; डेटाबेसची आवृत्ती जुळत नाही किंवा कूटबद्ध बॅकअप उघडण्याची किल्ली सापडत नाही, हे तेव्हाच कळते.

बदली हा या प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा शत्रू. पदभार देताना खुर्ची-कपाटाची यादी होते, अ‍ॅडमिन खात्यांची होत नाही. पुरवठादाराला दिलेला दूरस्थ प्रवेश, कूटकिल्ल्या आणि ‘सर्ट-इन’कडे नोंदवलेला संपर्क अधिकारी हे त्या यादीत असलेच पाहिजे, नाहीतर धोक्याचा इशारा दुसऱ्या खात्यात गेलेल्या माणसाच्या मेलमध्ये पडून राहतो.