अमेरिकन प्रेअरी : माँटानातील कुरणखरेदी आणि गावे

अमेरिकेच्या माँटाना राज्यात मिसूरी नदीच्या दोन्ही अंगांचे गुरांचे रँच (गुरे पाळण्याच्या मोठ्या मालमत्ता) विकत घेऊन तेथे मूळ गवताळ प्रदेश आणि बायसन या रानबैलांचे कळप परत आणू पाहणारी अमेरिकन प्रेअरी ही ना-नफा संस्था आहे. तिची स्थापना २००१ मध्ये झाली. पहिली जमीन तिने २००४ मध्ये घेतली आणि २००५ मध्ये साउथ डकोटातील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून १६ बायसन आणून सोडले. ‘अमेरिकन प्रेअरी रिझर्व्ह’ या नावाने ती बरीच वर्षे ओळखली जात होती. २०२१ मध्ये त्यातला ‘रिझर्व्ह’ गळला. खासगी आणि सरकारी जमिनींची सांधेजोड करून सुमारे ३२ लाख एकरांचा सलग प्रदेश उभा करायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. हे क्षेत्र गोव्याच्या साडेतीनपट भरते. यातील बरीच जमीन आधीच सरकारी असून एकट्या चार्ल्स एम. रसेल वन्यजीव आश्रयस्थानाचे क्षेत्र ११ लाख एकरांच्या आसपास आहे.

एवढा मोठा बेत पैशाच्या बळावर शक्य वाटतो, याचे कारण तेथील चराईच्या पद्धतीत आहे. पश्चिम अमेरिकेत रँचरच्या मालकीची जमीन थोडी आणि तो वापरतो ती सरकारी जमीन पुष्कळ, असा प्रकार सर्रास दिसतो. १९३४ च्या टेलर चराई कायद्यापासून सरकारी कुरणाचा परवाना लगतच्या खासगी मालमत्तेशी बांधलेला आहे. घर, पाणी आणि वैरणीचे शेत ज्याचे, त्यालाच भोवतालच्या हजारो एकरांवर चराईचा अग्रहक्क मिळतो. म्हणून एक रँच विकत घेतला की त्याच्या कितीतरी पट कुरण हाताशी येते. संस्थेकडे आज असलेल्या जमिनीचा मोठा भाग असा भाडेपट्ट्यावरचाच आहे. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही आणि १९६१ च्या कायद्याने कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा ५४ एकर ठरवली आहे. माँटानात यातले कोणतेही बंधन नाही. विकणारा राजी आणि घेणाऱ्याकडे पैसे, एवढे पुरते.

या खरेदीवरून स्थानिक रँचरांशी वाद पेटला आहे. त्याचे केंद्र फिलिप्स काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. क्षेत्रफळ सुमारे १३,५०० चौ. किमी. आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४,२१७. मुख्य गाव माल्टा, जुन्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेमार्गावरचे. १९०९ च्या कायद्याने सिंचन न होणाऱ्या कोरड्या भागात ३२० एकर फुकट मिळू लागले, तेव्हा आगगाड्या भरभरून लोक येथे आले. १९२० मध्ये काउंटीत ९ हजारांहून जास्त माणसे होती. पण तोवर १९१७ पासूनचा दुष्काळ सुरू झाला होता, मागोमाग १९३० च्या दशकातला आला. नांगरलेली जमीन उडून गेली, कुटुंबे निघून गेली, सोडलेली शेते सरकारने विकत घेतली. जे टिकले ते गुरांवर टिकले. आज तेथे दिसणारे रँचर त्या टिकलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आहेत, आणि जमीन विकणे त्यांच्या मनाला का लागते हे समजायला एवढा इतिहास पुरे आहे. त्यात १९८७ साली फ्रँक आणि डेबोरा पॉपर या अभ्यासक दांपत्याने महामैदानांचा ओस पडत चाललेला भाग ‘बफेलो कॉमन्स’ म्हणून बायसनला परत द्यावा, अशी कल्पना मांडली होती. तिची सल येथे अजून आहे. रस्त्याकडेच्या कुंपणांवर ‘सेव्ह द काउबॉय’ असे फलक लागले, ते या सलीवरच.

गावकऱ्यांची तक्रार बायसनपेक्षा माणसांबद्दल जास्त आहे. एक रँच विकला जातो तेव्हा एक घर उठते. त्या घरातली मुले शाळेतून जातात, आणि शाळेत मुळात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले असली तर शाळाच धोक्यात येते. वणवा लागला की पाण्याची टाकी घेऊन धावणारे शेजारीच असतात. पगारी अग्निशमन दल तेथे नाही. वसंतात वासरांना डाग द्यायचा, तेव्हा आसपासचे सगळे एकेका रँचवर जमून बिनमजुरीने काम उरकतात, आपल्याकडच्या सावडीसारखे. सावडीला माणसे कमी पडली की उरलेल्यांचे कामही जड होते. ही झीज कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही. त्यामुळे बाहेरचे लोक ती भावुकता समजतात. तसे समजणे चूक आहे. शिवाय दूरच्या श्रीमंत देणगीदारांच्या पैशाने भाव चढले, तर गुरांच्या उत्पन्नावर कर्ज फेडू पाहणारा तरुण शेजारी बोलीतच हरतो.

संस्थेची बाजूही पोकळ नाही. जमीन बाजारभावाने आणि राजी असलेल्याकडूनच घेतली जाते. ना-नफा असूनही मालमत्ता कर भरला जातो. बरेचसे कुरण स्थानिकांना गुरांसाठी परत भाड्याने दिले जाते, शिकारीलाही मोकळे ठेवले जाते. शेजारच्या रँचवर लावलेल्या कॅमेऱ्यात वन्यप्राणी टिपला गेला की मालकाला पैसे देण्याची योजनाही तिने चालवली. गावे ओसरू लागली ती तिच्यामुळे नव्हे, हेही खरे. यंत्रे आली, रँच मोठे होत गेले, मुले शहरात गेली. निव्वळ धनिकांची खरेदीही थोडी नाही : टेक्सासच्या विल्क्स बंधूंनी २०११ मध्ये शेजारच्या फर्गस काउंटीतला एन बार रँच घेतला, आणि त्यामागे संवर्धनाचा हेतू नव्हता. तरीही आधीच झिजलेल्या गावात शेवटची दोन-चार घरे विकत घेणाऱ्याची जबाबदारी, झीज दुसऱ्याने सुरू केली म्हणून कमी होत नाही.

कायद्याचा झगडा सरकारी कुरणावर कोणते जनावर चरावे यावर पेटला. माँटानात खासगी मालकीचा बायसन कायद्याने पाळीव पशू ठरतो. त्याच आधारावर सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याने २०२२ मध्ये फिलिप्स काउंटीतील काही कुरणांवर गुरांऐवजी बायसन चारण्यास मंजुरी दिली. राज्य सरकार आणि पशुपालक संघटनांनी अपील केले. टेलर कायदा मांस-उत्पादनासाठीच्या जनावरांचा आहे, प्रदर्शनाच्या किंवा संवर्धनाच्या कळपांचा नाही, हा त्यांचा मुद्दा. ब्रुसेलोसिस या गुरांच्या संसर्गजन्य रोगाची आणि कुंपणे मोडण्याची भीती पूर्वीपासून होतीच.

याच काउंटीत याच काळात झालेला दुसरा प्रयोग अधिक बारकाईने पाहावा असा आहे. द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने २००० साली सुमारे ६०,००० एकरांचा मॅटाडोर रँच घेतला. सुरुवातीला तिच्याकडेही संशयानेच पाहिले गेले. मग दुष्काळ पडला, शेजाऱ्यांची कुरणे करपली आणि २००३ पासून मॅटाडोरवर ‘ग्रासबँक’ म्हणजे गवतपेढी सुरू झाली. शेजाऱ्याने आपली गुरे मॅटाडोरवर आणावीत, चराईचे भाडे मात्र तो स्वतःच्या जमिनीवर काय करतो त्यावरून ठरेल : मूळ गवत नांगरले नाही, तण आवरले, सेज ग्राऊज पक्ष्यांच्या नाचाच्या जागा राखल्या, की सवलत. रँचर ज्याला उपद्रवी समजतात त्या प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्याची बिळे राहू दिली तरी सवलत मिळे. कल्पना मुळात न्यू मेक्सिको-ॲरिझोनाच्या सीमेवरची, १९९४ मध्ये रँचरांनीच उभ्या केलेल्या मालपाय बॉर्डरलँड्स गटाच्या परिसरातली. मॅटाडोरमुळे राखली गेलेली जमीन मॅटाडोरच्या कितीतरी पट आहे, आणि ती राखणारी कुटुंबे तिथेच राहतात. २००३ मध्येच माल्टा परिसरातल्या रँचरांनी रँचर्स स्टुअर्डशिप अलायन्स ही आपली संघटना काढली. आज ती स्वतः गवताळ जमीन पूर्ववत करण्याची कामे करते.

गवतपेढीला मर्यादा आहेत. तिथे मोकळा फिरणारा बायसन नाही, काटेरी तारा नाहीत असा सलग मुलूख नाही, आणि अमेरिकन प्रेअरीला नेमके तेच हवे आहे. दोन्ही संस्थांना गवतच वाचवायचे असले तरी गवतावर राहणारा माणूस एकीच्या आराखड्यात आहे आणि दुसरीच्या आराखड्यात तो पाहुणा किंवा भाडेकरू होतो.

या भांडणात ‘मूळचे कोण’ हा प्रश्न निघाला की तिसरा आवाज ऐकावा लागतो. फिलिप्स काउंटीच्या पश्चिमेला फोर्ट बेलनॅप ही आनीह आणि नकोडा लोकांची राखीव भूमी आहे. १८८८ च्या कराराने उत्तर माँटानातील विस्तीर्ण प्रदेश मूळ जमातींकडून गेला, १८९५ मध्ये सोन्याच्या लोभाने लिटल रॉकी डोंगराचा पट्टाही काढून घेतला गेला. फुकट जमिनीसाठी आलेले होमस्टेडवाले वसले ते या रिकाम्या केलेल्या जमिनीवर. फोर्ट बेलनॅपने १९७० च्या दशकातच आपला बायसन कळप उभा केला, अमेरिकन प्रेअरीच्या पुष्कळ आधी, आणि आपल्याच भूमीवर.