कोंत्रादा-वाइन (एटना)

इटलीतील सिसिली बेटाच्या पूर्व भागात असलेल्या एटना या जागृत ज्वालामुखीच्या उतारांवर, एकाच कोंत्रादातील द्राक्षांपासून केलेली आणि त्या कोंत्रादाचे नाव लावून विकली जाणारी वाइन. कोंत्रादा म्हणजे गावाच्या शिवारातील एखाद्या पट्ट्याला पूर्वापार चालत आलेले नाव. एका कोंत्रादात अनेक मालकांच्या बागा असू शकतात. त्यामुळे ‘एकाच मळ्याची वाइन’ हे रूढ वर्णन येथे काटेकोरपणे लागू पडत नाही.

बागा ज्वालामुखीच्या उत्तर, पूर्व व दक्षिण अंगांवर अर्धचंद्राकार पसरल्या असून बहुतेक समुद्रसपाटीपासून सु. 400 ते 1,000 मी. उंचीवर आहेत. एटनाच्या वाइनला 1968 मध्ये नियंत्रित उत्पत्तिनामाचा (विशिष्ट प्रदेशात, ठरलेल्या नियमांनुसार केलेल्या वाइनलाच ते नाव लावू देणारा) दर्जा मिळाला आणि 2011 मध्ये 133 कोंत्रादांची नावे अधिकृत करण्यात आली. शेजारच्या दोन कोंत्रादांतील जमीन अगदी वेगळी असू शकते, कारण तेथील लाव्हा वेगवेगळ्या काळातला असतो : एकीकडे वाळूसारखी काळी, भुसभुशीत माती, तर दुसरीकडे अजून न झिजलेला खडक. ही प्रक्रिया संपलेली नाही. 1981 च्या उद्रेकात रांदात्सो गावाजवळची शेतजमीन लाव्ह्याखाली गेली.

लाल वाइनमध्ये नेरेल्लो मास्कालेसे हे वाण किमान 80 टक्के असावे लागते. उरलेला भाग प्रामुख्याने नेरेल्लो कापुच्चोचा असतो. पांढऱ्या वाइनचे मुख्य वाण कार्रिकांते असून, फांदीवर लागणाऱ्या भरघोस घडांच्या भारावरून त्याला हे नाव पडले असे मानतात. नेरेल्लो मास्कालेसेच्या उगमाबद्दल एकमत नाही. नावावरून ते एटनाच्या पायथ्याच्या मास्काली परिसरातले असावे, असे जुने मत आहे. मात्र डीएनए-परीक्षणांनुसार ते सांजोवेसे आणि मांतोनिको ब्यांको यांच्या नैसर्गिक संकरातून आलेले दिसते. यांपैकी मांतोनिको हे सिसिलीसमोर, सामुद्रधुनीपलीकडे मुख्य इटलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या कालाब्रिया प्रांतातले वाण आहे, आणि तेथील गाल्योप्पो हे वाणही याच जोडीची संतती ठरते. सांजोवेसे मध्य इटलीतील तोस्काना प्रांताचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्याचेही एक जनक कालाब्रियाशी निगडित असल्याचे काही अभ्यासक मानतात. हे सर्व जमेस धरता उगम कालाब्रियात आणि प्रसिद्धी मास्कालीत, हा तर्क अधिक पटतो. नेरेल्लो कापुच्चोची ओळख याहून गुंतागुंतीची आहे. त्या नावाने लावलेल्या काही वेली प्रत्यक्षात कारिन्यान वाणाच्या निघाल्या आहेत.

मुळांतील रस शोषणारी फिलॉक्सेरा ही कीड 1880 मध्ये सिसिलीत आढळली. तिच्यामुळे यूरोपभर वेली अमेरिकी खुंटांवर कलम कराव्या लागल्या. एटनाचेही मोठे नुकसान झाले. तथापि वाळूचे प्रमाण जास्त असलेल्या मातीत ही कीड सहजी पसरत नसल्याने काही तुकड्यांतील वेली स्वतःच्याच मुळांवर टिकल्या. रांदात्सोजवळच्या काल्देरारा सोत्ताना कोंत्रादातील अशा वेलींची वाइन स्वतंत्रपणे बाटलीबंद होते. (नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांनाही खुंटावरचे कलम परिचित आहे, तेथे मात्र ते मुख्यतः पाण्याचा ताण आणि जमिनीतील क्षार यांसाठी केले जाते.)

जुन्या वेलींच्या वयाचे दावे सावधपणे वाचावेत. पारंपरिक बागेत एखादी वेल मेली की शेजारच्या वेलीची लांब काडी वाकवून मातीत दाबतात आणि तिला मुळे फुटली की रिकामी जागा भरते. ही नवी वेल आनुवंशिक दृष्ट्या जुनीच, पण खोडाच्या वयाने लहान असते. म्हणून ‘शतकाहून जुनी’ बाग खरे तर अनेक वयांच्या वेलींची असते. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व मद्य संघटनेने 2024 मध्ये 35 वर्षे वा अधिक वयाच्या वेलीला ‘जुनी वेल’ म्हटले. एटनावर ही मर्यादा फारच सौम्य ठरते. जुन्या बागांचे खरे मोल त्यांतील सरमिसळीत आहे. लाल वाणांच्या मधूनच पांढऱ्या आणि अनोळखी वाणांच्या वेली आढळतात, आणि बाग उपटली की हा ठेवा कायमचा जातो.

वेली मांडवावर न चढवता आल्बेरेल्लो म्हणजे झुडूप-पद्धतीने, काळ्या दगडांच्या कोरड्या बांधांनी तोललेल्या पायऱ्यांवर, सु. एक मी. अंतराने लावतात. जुने खोड पिळवटलेले, मध्ये पोकळ झालेले असते. बऱ्याचदा एकाच बाजूची साल जिवंत राहते आणि तिच्यावर छाटलेल्या आखूड काड्यांतून दरवर्षी नवी फूट येते. आधाराला चेस्टनटच्या लाकडाचा खांब असतो. दाटी आणि उतार यांमुळे यंत्रे चालत नाहीत, सर्व कामे हातांनी करावी लागतात. नेरेल्लो मास्कालेसे उशिरा पिकते. त्याची काढणी साधारणतः ऑक्टोबरमध्ये होते.

पूर्वी वाइन पाल्मेंतोत होई. लाव्हा-दगडाच्या या इमारतीत वरच्या ओट्यावर द्राक्षे पायांनी तुडवली जात, रस उताराने खालच्या हौदात उतरे आणि चोथा लाकडी तुळईच्या दाबाने पिळला जाई. यूरोपीय आरोग्य-नियमांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस विक्रीच्या वाइनसाठी पाल्मेंतोंचा वापर थांबला. वाइन-उत्पादक जुझेप्पे बेनांती यांनी 1988 पासून आणि आंद्रेआ फ्रांकेत्ती, मार्को दे ग्रात्सिया आदी उत्पादकांनी 2000 च्या सुमारास व नंतर, ओसाड पडू लागलेल्या बागांकडे पुन्हा लक्ष वेधले. कोंत्रादानिहाय वेगळी बाटली काढण्याची आजची प्रथा मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यात रुजली.