स्वतःच्या सर्व्हरवर मेल: घेणं सोपं राहिलं, पाठवणं अवघड कसं झालं

वेबसाइटसाठी छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर घेतला, डोमेन जोडलं, की लगेच प्रश्न उभा राहतो: या डोमेनची मेल याच मशीनवर ठेवायची की एखाद्या सेवेकडे सोपवायची? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला असा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. नेटवर्कवर युनिक्स मशीन असलं की त्यावर मेल असायचीच. आज जाणकारही 'बाहेर द्या' म्हणतात, आणि त्याचं कारण मेल सर्व्हर चालवणं किचकट झालं असं सांगितलं जातं. ते खरं नाही. मेल सर्व्हरचं आजचं सॉफ्टवेअर पोस्टफिक्स जुन्या सेंडमेलपेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे. बदललं ते वेगळंच: अनोळखी मशीनकडून आलेली मेल घ्यायची की नाही, हे ठरवण्याचे निकष. त्या बदलाचा भार पाठवण्यावर पडला, मेल घेणं जवळपास होतं तसंच राहिलं.

ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज लिहून एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवण्याची रीत ठरवून दिली. त्यात पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती. समोरचं मशीन जे नाव सांगेल ते मान्य. दुसऱ्याची मेल तिसऱ्याकडे पोचवणं, म्हणजे रिले करणं, तेव्हा सौजन्य समजलं जाई, कारण अनेक मशीन दिवसातून थोडाच वेळ जोडलेली असत. बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिलेलं सेंडमेल १९८३मध्ये बीएसडी युनिक्ससोबत बाहेर पडलं आणि पुढची पंधरा वर्षं मेल सर्व्हर म्हणजे सेंडमेल असंच समीकरण राहिलं.

आजच्या निवडीचं मूळ मात्र जानेवारी १९८६च्या आरएफसी ९७४मध्ये आहे. क्रेग पार्ट्रिज यांच्या या दस्तऐवजाने एमएक्स रेकॉर्डचे नियम घातले. डोमेनची मेल कोणत्या यजमान मशीनने घ्यायची हे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत लिहायचं. नोंदी अनेक असतील तर कमी आकड्याची आधी वापरायची. पत्ता आणि मशीन यांची गाठ इथे सुटली. वेबसाइट एकीकडे, मेल दुसरीकडे, आणि पत्ता तोच, हे या एका रेकॉर्डमुळे जमतं. ही गाठ सुटलेली नसली की काय होतं ते आपल्याकडे दिसलं होतं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा पुण्याच्या ग्राहकांच्या पत्त्यात @ नंतर 'जीआयएएसपीएन०१' आणि मुंबईकरांच्या पत्त्यात 'जीआयएएसबीएम०१' असं निगमच्या मशीनचंच नाव असे. पत्ता कंपनीचा, आपण फक्त वापरणारे. ४ जुलै १९९६ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं, मुंबईतून रेडिफमेल आलं. या सेवांनी इंटरनेट कंपनी बदलण्याची मोकळीक दिली, तरी पत्ता दुसऱ्याचाच राहिला. डोमेन स्वतःच्या नावावर असणं हाच यावरचा उपाय आहे. मेल कुठे ठेवायची, हा त्यानंतरचा प्रश्न.

नोव्हेंबर १९८८च्या मॉरिस वर्मने सेंडमेलमधली डीबग सोय वापरून मशीन काबीज केली होती. पण खरा तडा व्यापारी स्पॅमने पाडला. एप्रिल १९९४मध्ये दोन अमेरिकी वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात यूजनेट या चर्चामंचाच्या हजारो गटांत टाकली, आणि फुकटात लाखोंपर्यंत पोचता येतं हे जगाला कळलं. त्यानंतर मोकळे रिले स्पॅमवाल्यांचं आवडतं साधन झाले. १९९७मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या मॅप्स या संस्थेने स्पॅम सोडणाऱ्या आयपींची पहिली मोठी काळी यादी चालवली, तर १९९८मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस सुरू केलं. त्याच वर्षी सेंडमेल ८.९ने रिले मुळातच बंद ठेवलं आणि डिसेंबरमध्ये वीत्से वेनेमा यांचं पोस्टफिक्स आलं. मशीनचा आयपी पत्ता हीच त्याची अब्रू, हा नियम या काळात रुजला आणि तो अजून सुटलेला नाही.

पुढची पायरी २००३-०४च्या सुमाराची. घरोघरचे विंडोज संगणक व्हायरसने ताब्यात घेऊन त्यांच्यातून स्पॅम सुटू लागला, म्हणून इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडण्यांचं पोर्ट २५, म्हणजे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जाण्याची वाट, बंद करायला सुरुवात केली. ग्राहकाने आपली मेल पोर्ट ५८७वर नाव-पासवर्ड देऊन सोपवावी, ही सोय डिसेंबर १९९८च्या आरएफसी २४७६नेच करून ठेवली होती. २०१८च्या आरएफसी ८३१४ने पोर्ट ४६५लाही पुन्हा मान्यता दिली. आज अॅमेझॉन, गूगल क्लाउड, डिजिटलओशन यांच्या नव्या खात्यांवर बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळातच अडवलेलं असतं. म्हणून सर्व्हर निवडतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: पोर्ट २५ उघडून मिळेल का, आणि आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) बदलता येईल का. पीटीआर डोमेनच्या डीएनएसमध्ये लिहून चालत नाही, तो आयपीच्या मालकाकडे, म्हणजे होस्टिंग कंपनीकडेच लावावा लागतो. शिवाय त्यातलं नाव फिरून त्याच आयपीकडे यायला हवं. घरच्या फायबरवर सर्व्हर ठेवायचा विचार बहुतेकदा इथेच संपतो, कारण अनेक जोडण्या सीजीनॅटच्या (एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटण्याच्या पद्धतीच्या) मागे असतात आणि बाहेरून त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही.

आयपीची अब्रू पुरेनाशी झाल्यावर डोमेनची ओळख पटवण्याची धडपड सुरू झाली. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. तिचं पहिलं आरएफसी एप्रिल २००६चं. याहूच्या डोमेनकीज आणि सिस्कोची योजना एकत्र करून मे २००७मध्ये डीकिम आलं, त्यात प्रत्येक मेलवर सही असते. या दोन्हींचा दिसणाऱ्या प्रेषकाशी मेळ घालणारं डीमार्क जानेवारी २०१२मध्ये जाहीर झालं. एप्रिल २०१४मध्ये याहूने आपलं डीमार्क धोरण 'नाकारा' असं कडक केलं, तेव्हा सदस्याची मेल त्याच्याच नावाने पुढे पाठवणाऱ्या जगभरच्या मेलिंग लिस्ट कोलमडल्या. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने सगळ्यांवरच अटी घातल्या. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना मेल पाठवायची तर पीटीआर, टीएलएस (वाटेत मेल गुप्त ठेवणारी जोडणी) आणि एसपीएफ किंवा डीकिम हवंच. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात.

हे तिन्ही रेकॉर्ड लावणं तासाभराचं काम आहे, पण चुका ठरलेल्या असतात. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो. बाहेरची सेवा घेताना जुन्याच्या शेजारी दुसरा टाकला की दोन्ही निकामी होतात. त्यात डीएनएसच्या १० शोधांची मर्यादा आहे आणि दोनतीन सेवांचे 'इन्क्लूड', म्हणजे त्यांच्या याद्या जोडणारे उल्लेख, ती सहज ओलांडतात. डीकिमची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत द्यावी लागते. डीमार्क आधी 'काहीच करू नका' या धोरणावर ठेवून काही आठवडे अहवाल वाचावेत, मगच कडक करावं.

बाहेरच्या सेवांचा इतिहासही जपून वाचावा. १ एप्रिल २००४ला जीमेलने १ जीबी जागा दिली, तेव्हा हॉटमेलची मर्यादा २ एमबी होती. ऑगस्ट २००६मध्ये गूगलने स्वतःच्या डोमेनची मेल फुकट सांभाळायला घेतली आणि असंख्य छोट्या सर्व्हरवरची मेल तिकडे गेली. डिसेंबर २०१२मध्ये नव्यांसाठी ती सोय बंद झाली. जानेवारी २०२२मध्ये जुन्यांनाही पैसे मागण्यात आले आणि ओरड झाल्यावर वैयक्तिक वापरापुरती सूट मिळाली. फुकट योजनेवर पत्ता टांगून ठेवू नये, हे माझं ठाम मत यातूनच बनलं आहे. डोमेन आपलं असलं तर एमएक्स बदलून दुसरीकडे जाता येतं. जाण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (डीएनएसची नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवावी तो आकडा) ३०० सेकंदांवर आणावा आणि जुनी पत्रं आयमॅपसिंक या साधनाने हलवावीत.

स्वतः मेल घ्यायचं ठरवलं, तर पोस्टफिक्स, पेटी वाचू देणारं डव्हकॉट आणि स्पॅम गाळणारं आरस्पॅमडी एवढ्यावर भागतं. व्हायरस तपासणारं क्लॅमएव्ही एकटं १ जीबीहून जास्त मेमरी खातं, ते छोट्या मशीनवर टाळावं. सर्व्हर रात्रभर बंद पडला तरी मेल हरवत नाही. पाठवणारा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्स तर मुळात ५ दिवस रांगेत ठेवतं. एक फसगत मात्र वारंवार होते. स्पॅमहाउसची झेन यादी गूगलच्या ८.८.८.८सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारली, तर उत्तर म्हणून १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा संकेत येतो. सर्व्हर कोणत्याही उत्तराला 'यादीत आहे' समजत असेल, तर तो सगळीच मेल नाकारतो. त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस शोधक बसवणं हा उपाय. आलेली मेल सरसकट जीमेलला फॉरवर्ड करू नये. एसपीएफ तुटतं आणि पुढे ढकललेला स्पॅम आपल्या आयपीच्या नावावर जमा होतो.

मेल बाहेर दिली तरी वेब सर्व्हरला पाठवण्याचं काम उरतंच: संपर्काचा फॉर्म, पासवर्ड बदलण्याचे दुवे, क्रॉनचे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे निरोप. यासाठी पोस्टफिक्सला पोर्ट ५८७वर बाहेरच्या सेवेचा रिलेहोस्ट (आपली मेल पुढे पोचवणारा सर्व्हर), त्याचं नाव-पासवर्ड आणि सक्तीचं टीएलएस द्यावं. पासवर्डची फाइल फक्त रूटला वाचता यावी. फॉर्ममध्ये पाहुण्याचा पत्ता प्रेषक म्हणून घालू नये, डीमार्क ती मेल अडवू शकतं. प्रेषक आपल्या डोमेनचा ठेवून पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये द्यावा. आणि पोस्टफिक्सच्या 'मायडेस्टिनेशन'मधून, म्हणजे याच मशीनवर ठेवायच्या डोमेनांच्या यादीतून, डोमेनचं नाव काढायला विसरू नये. ते राहिलं, तर एमएक्स कुठेही असला तरी फॉर्मची पत्रं त्याच मशीनवरच्या कुणी न उघडणाऱ्या पेटीत साठत जातात, आणि लॉगमध्ये ती 'पोचली' अशीच दिसतात.

म्हणून माझी शिफारस 'घरात' किंवा 'बाहेर' अशी एका शब्दाची नाही. पत्रं स्वतःच्या डिस्कवर हवी असतील तर मेल घ्या घरी आणि पाठवा रिलेहोस्टमधून. मात्र वर्डप्रेस आणि मेल एकाच मशीनवर असतील, तर एखाद्या जुन्या प्लगइनमधून घुसलेला स्पॅमवाला दोन्हींना खाली खेचतो. अशा वेळी मेलसाठी वेगळा छोटा व्हीपीएस घ्यावा. तो परवडत नसेल, किंवा महिन्याकाठी अपडेट आणि बॅकअप बघायला वेळ नसेल, तर पैसे देऊन मेल बाहेर ठेवावी.