सुलुकुले: आधी मैफल मोडली, मग घरं

इस्तंबूलच्या जुन्या तटबंदीला खेटून, एदिर्नेकापी वेशीजवळ, रोमा, म्हणजे जिप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांची सुलुकुले ही वस्ती होती. सुलुकुले म्हणजे पाण्याचा बुरूज. रोमा भाषेत पाण्याला 'पानी'च म्हणतात, कानाला 'कान' आणि घराला 'खेर'. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्यांची ही शिदोरी. सुलुकुलेत मात्र बहुतेकांच्या तोंडी केव्हाच तुर्की रुळली होती.

या शहरात त्यांचा माग 11व्या शतकापर्यंत लागतो. त्यांना चिकटलेलं 'अथिंगानोई' हे नाव मुळात एका ग्रीक पंथाचं. अर्थ, शिवू नये असे. जिप्सींसाठीचा तुर्की शब्द 'चिंगेने' त्यातूनच आला, असं बरेच अभ्यासक मानतात. मराठी वाचकाला यावर वेगळं भाष्य नको. 1934च्या तुर्की वसाहत कायद्यात देशात वसायला कुणाला घेऊ नये याची यादी होती. तिच्यात अराजकवादी नि हेरांच्या जोडीला भटके जिप्सी होते. हा उल्लेख 2006मध्ये गेला, आणि त्याच वर्षी सुलुकुले 'नूतनीकरण क्षेत्र' ठरलं.

पण वस्ती मोडायला बुलडोझरने सुरुवात केली नव्हती. 1950च्या दशकात रुंद रस्त्यासाठी तिचा एक भाग गेलाच होता. उरलेली वस्ती जगत होती ती करमणूक-घरांवर. घरातल्याच मोठ्या खोलीत पाहुणे बसायचे. क्लॅरिनेट, दरबुका हे तालवाद्य, नाच, जेवण. वाजवणाऱ्यापासून रांधणाऱ्यापर्यंत अख्ख्या गल्लीचं पोट त्यावर चाले. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांनी ही घरं बंद पाडली. कमाई आटली, भिंती ढासळू लागल्या, आणि पुढे त्याच पडक्या भिंती दाखवून नूतनीकरण कसं गरजेचं आहे ते सांगितलं गेलं!

2005च्या 5366 क्रमांकाच्या कायद्याने जुन्या वस्त्यांच्या नूतनीकरणाचे अधिकार पालिकांना दिले. या भागाची फातिह पालिका आणि सरकारी गृहनिर्माण संस्था तोकी यांनी घरमालकांना नवी घरं देऊ केली, पण किमतीतला फरक हप्त्यांनी भरायचा होता. भाडेकरूंना दूर, शहराबाहेर ताशोलुकच्या इमारती. वाजवणाऱ्याचं काम रात्रीचं आणि शहरातलं. तिथून जायचं कसं? हप्ते थकले, आणि बहुतेक कुटुंबं परत येऊन कारागुमरुकसारख्या शेजारच्या मोहल्ल्यांत भाड्याने राहिली.

2010 साली इस्तंबूल युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवलं, तेव्हा सुलुकुले जमीनदोस्त झालेलं होतं. 2012मध्ये प्रशासकीय न्यायालयाने प्रकल्प रद्द ठरवला. तोवर तिथे उस्मानी थाटाची नवी घरं उभी राहिली होती.