कीवर्ड आणि सर्च टर्म: दिसायला सारखे, हिशेब वेगळा

गूगल अ‍ॅड्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेत, कीवर्ड आणि सर्च टर्म यांचे तक्ते वेगवेगळे असतात, पण कीवर्डचाच उघडून बजेट वाढवणारे दुकानदार पुष्कळ. कीवर्ड म्हणजे ज्या शोधांवर आपली जाहिरात दिसावी म्हणून आपण निवडलेले शब्द. सर्च टर्म म्हणजे गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष टाइप केलेली किंवा फोनला तोंडी सांगितलेली ओळ. कीवर्ड कितीही नेमका वाटो, पैसे कापले जातात ते त्या ओळीवरून आलेल्या क्लिकचे.

नागपूरकरांना मे महिन्यात कूलरशिवाय दुसरं काय सुचणार, म्हणून उदाहरण त्याचंच. समजा, महाल भागातल्या एका दुरुस्तीवाल्याने ‘कूलर रिपेअर नागपूर’ हा कीवर्ड टाकला. कसलंही चिन्ह न लावता टाकला, की तो ब्रॉड मॅच होतो आणि गूगल त्याचा अर्थ सैलपणे लावतं. मग सर्च टर्मच्या तक्त्यात ‘कूलर ऑन रेंट’, ‘वॉटर कूलर सर्व्हिसिंग’, ‘कूलर मेकॅनिक जॉब’, ‘एसी सर्व्हिस धरमपेठ’ अशी सगळी जत्रा भरू शकते. अवतरणचिन्हांत टाकला तर फ्रेज मॅच, म्हणजे शोधात त्या शब्दांचा अर्थ यायला हवा; चौकोनी कंसात टाकला तर एक्झॅक्ट, म्हणजे सगळ्यात कडक. या एक्झॅक्टच्या नावावर फार जाऊ नका. हेतू तोच असेल तर शब्द बदललेला, क्रम उलटा झालेला, अनेकवचनातला शोधही त्यात बसतो. म्हणजे कीवर्ड कसाही लिहा, सर्च टर्म वाचायचं काम सुटत नाही.

खरी गंमत नको असलेले शोध अडवताना येते. त्यासाठी निगेटिव्ह कीवर्ड असतो, म्हणजे ज्यावर जाहिरात दिसू नये तो शब्द. त्याला असा सैलपणा ठाऊकच नाही. स्पेलिंगच्या चुका तो २०२४ पासून आपोआप धरतो, पण समानार्थी शब्द आणि अनेकवचन नाही. ‘जॉब’ अडवला तरी ‘जॉब्स’ येतो, ‘व्हेकन्सी’ येते, ‘नोकरी’ही येते, प्रत्येकाला वेगळं अडवावं लागतं. आपले लोक रोमन अक्षरांतही लिहितात आणि देवनागरीतही, त्यामुळे यादी दोन्ही लिपींत हवी.

उलट घाईत जास्तच अडवलं जातं. ‘वॉटर कूलर सर्व्हिसिंग’ (पिण्याचं पाणी गार करणाऱ्या यंत्राचं काम) दिसलं म्हणून कुणी नुसता ‘वॉटर’ हा शब्द निगेटिव्हमध्ये टाकला, तर ‘कूलर वॉटर पंप रिपेअर’ शोधणारा अस्सल गिऱ्हाईकही गेला. पंप जळालेला, बाहेर ४५ अंश, आणि आपली जाहिरात त्याला दिसतच नाही! इथे अवतरणचिन्हांत ‘वॉटर कूलर’ हवं. मग हे दोन शब्द याच क्रमाने लागून आले तरच शोध अडतो.

‘कूलर ऑन रेंट’चं काय करायचं? दुकान भाड्याने देत नसेल तर तो सरळ निगेटिव्ह. देत असेल तर त्याला कीवर्ड करून वेगळ्या अ‍ॅड ग्रुपमध्ये (एका विषयाचे कीवर्ड आणि त्यांच्या जाहिराती यांच्या गटात) बसवा, कारण त्या गिऱ्हाइकाला महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट सांगणारी जाहिरात पाहिजे, मोटर बदलून देणारी नाही. मात्र दिसलेली प्रत्येक सर्च टर्म उचलून कीवर्ड करण्याची काही एजन्सीवाल्यांची खोड मला पटत नाही. ‘कूलर रिपेअर सीताबर्डी’ आणि ‘सीताबर्डी कूलर रिपेअर’ यांना एकच जाहिरात, एकच पान दाखवायचं असेल तर दोन कीवर्ड कशाला? खातं नुसतं फुगतं.

तक्ता वाचताना बेरीज जुळली नाही तर गोंधळू नका. सप्टेंबर २०२० पासून गूगल पुरेशा लोकांनी शोधलेल्याच ओळी दाखवतं. बाकीच्या क्लिकचे पैसे लागतात, पण त्या ओळी वाचायला मिळत नाहीत. म्हणून दिसलेल्या एका फालतू ओळीपुरतं न थांबता त्यातला त्रासदायक शब्द पकडा, आणि तो अडवण्याआधी कामाच्या कुठल्या ओळीत येतो का, हे त्याच तक्त्यात शोधून बघा.