इनकॉग्निटोत शोधलं की माग राहत नाही?
रंकाळ्यावर परवा पुन्हा तेच कानावर आलं: "भावा, इनकॉग्निटोत शोध, कुणाला कळत न्हाई." हे साफ चूक आहे, आणि पोरं त्यावर विसंबतात याची मला काळजी वाटते. इनकॉग्निटो म्हणजे ब्राउझरचा खाजगी मोड; तिथं एवढंच होतं की शोधलेलं आपल्या मोबाईलच्या हिस्ट्रीत साठत नाही. गुगलला लॉगिन केलंत तर शोध खात्यात जमा होऊ शकतो.

शोधांचा माग कसा निघतो, याचं एक उदाहरण. जुलै २०२३, अमेरिकेतलं अलाबामा. हायवेवर एकटं लहान मूल दिसलं, असा फोन करून एक तरुणी गायब झाली. दोन दिवसांनी परतली, अपहरण झालं म्हणाली. पोलिसांना तिच्या फोनवर आधीचे शोध सापडले: हरवलेल्यांच्या अलर्टला पैसे पडतात का, नॅशव्हिलचं एकेरी बस तिकीट. काही दिवसांतच वकिलामार्फत कबुली आली, की अपहरण झालंच नव्हतं. तोवर कितीतरी अनोळखी माणसं तिला शोधत वणवण फिरली होती.