पार्टिंगमध्ये सुटणारा जॉब झेलणे

लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातण्याच्या यंत्रावर, सळईच्या टोकाशी कातलेला भाग (जॉब) पार्टिंग टूलच्या अरुंद पात्याने कापून वेगळा होताना तो ट्रेमधल्या किसात, बेडवर (लेथच्या खालच्या पायावर) किंवा सळई धरणाऱ्या चकच्या जबड्यांत पडू नये म्हणून केलेली सोय. नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर काम करणाऱ्याला पार्ट कॅचर ओळखीचा असतो: शेवटच्या कापाच्या वेळी या कॅचरचा हात पुढे येतो आणि सुटलेला जॉब घेऊन मागे जातो. घरच्या छोट्या लेथवर असे काही नसते. तिथे हे काम साध्या सळईवर, स्वयंपाकघरातल्या डावावर नाहीतर हॅक्सॉवर (धातू कापायच्या करवतीवर) भागवावे लागते.

जॉब फेकला जातो ही समजूत अर्धीच खरी आहे. १० मिमी व्यासाची माइल्ड स्टीलची सळई एचएसएस (हाय-स्पीड स्टील) पात्याने मिनिटाला ४०० फेऱ्यांवर कापली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला जेमतेम २१ सेंमी असतो. मात्र १८० मिमी स्विंगच्या (फिरवता येणाऱ्या सर्वांत मोठ्या व्यासाच्या) मिनी लेथवर केंद्रापासून बेडपर्यंतचे ९० मिमी अंतर सुटलेला जॉब सुमारे ०.१४ सेकंदात पडून पार करतो आणि सेकंदाला सुमारे १.३ मीटर वेगाने बेडवर आपटतो. पितळी जॉबच्या आट्यांची पहिली कडा दबायला एवढे पुरते. जॉब लांब उडतो तो पाते अडकल्यावर, किसाच्या लडीने ओढल्यावर किंवा फिरत्या जबड्याचा फटका बसल्यावर. म्हणून कापाची रेघ जबड्यांपासून ६ ते १० मिमी बाहेर ठेवावी. याहून लांब काढली तर सळई थरथरते आणि पाते अडकण्याची भीती वाढते.

कोणती सोय करायची हे जॉबला भोक आहे की नाही यावर ठरते.

भोक असेल तर टेलस्टॉकच्या (चकसमोर बेडवर सरकणाऱ्या आधाराच्या) ड्रिल चकमध्ये धरलेली दुसरी बारीक सळई हा सर्वांत चांगला उपाय आहे. सळई भोकापेक्षा १ ते २ मिमी बारीक, पितळेची किंवा अॅल्युमिनियमची आणि टोकाला गोल केलेली असावी. एम६ आट्यांचे भोक ५ मिमी ड्रिलने पाडलेले असते, त्यात ४ मिमीची सळई चालते. इतवारीच्या बाजारात मिळणारा पितळी सळईचा तुकडा यासाठी पुरे. भोक कापाच्या रेघेच्या २-३ मिमी पुढेपर्यंत पाडलेले असावे, नाहीतर पाते भोकात न उतरता भरीव धातूतच राहते. सळई भोकात सैल शिरवून टेलस्टॉक घट्ट करावा. छोट्या लेथवर पाते धरणारी वरची स्लाइड टेलस्टॉकला जाऊन टेकते, त्यामुळे सळईचा ८० ते १०० मिमी भाग ड्रिल चकबाहेर लागतो.

सळई घट्ट बसली की घोळ होतो. सळईचे काम आधार देण्याचे नाही. टेलस्टॉकने जॉब चकमधल्या मूळ सळईकडे दाबला गेला, तर शेवटच्या क्षणी काप मिटतो, पाते चिमटीत सापडते आणि तुटते. भरीव जॉबला टेलस्टॉकचे सेंटर (टोकदार आधार) लावून पूर्ण पार्टिंग करू नये, तेही याच कारणाने.

जॉब सुटला की तो सळईवर एक-दोन गिरक्या घेऊन लटकतो. इथे हात शिवशिवतो, पण पाते लगेच मागे घ्यायचे नाही. उजवीकडे जॉब आणि डावीकडे फिरती सळई, यांच्यामध्ये त्या वेळी पाते भिंतीसारखे उभे असते. ते काढले की सैल जॉब डावीकडे सरकून फिरत्या टोकावर घासतो आणि नुकतीच कापलेली बाजू ओरखडते. आधी मशीन थांबवावे, मग पाते काढावे. ८ मिमी रुंदीच्या कड्या असतील, तर एकेक मागे सरकवत ६० मिमी सळईवर पाच-सहा जमवता येतात. त्याहून जास्त जमल्या की टोक वाकून जॉब तिरका लटकतो.

भरीव जॉब पात्याने केंद्र गाठण्याआधीच तुटतो आणि मधोमध टोचा सोडतो. पात्याची धार किंचित तिरपी, उजवा कोपरा पुढे राहील अशी घासली, तर टोचा सळईकडे राहतो आणि जॉब स्वच्छ सुटतो. पण तिरप्या धारेवर आडवा जोर येतो. खोल कापात पाते वाकते आणि कापलेली बाजू सपाट राहत नाही, म्हणून १५ मिमीच्या वर ही युक्ती टाळावी.

झेलायला लांब दांड्याचा स्टीलचा डाव चालतो. आत रबराचा तुकडा चिकटवावा, दांडा २५ सेंमीपेक्षा आखूड नसावा, आणि डाव टेलस्टॉकच्या बाजूने जॉबच्या १०-१५ मिमी खाली आणावा. सुरुवातीपासून धरला तर तो किसाने भरतो. २ मिमी धातू उरल्यावर धरला तरी पुरते. लोहचुंबकाची शिफारस बरेच जण करतात, पण पितळ-अॅल्युमिनियमला तो निरुपयोगी आहे आणि स्टीलच्या जॉबला थोडे चुंबकत्व देऊन जातो. मग बारीक कीस आट्यांत चिकटून बसतो आणि निघता निघत नाही. फडके, हातमोजे किंवा उघडी बोटे फिरत्या जॉबजवळ नेणे तर पूर्ण बंद.

एकच नग करायचा असेल तर झेलण्याच्या भानगडीत पडूच नये. २-३ मिमी बुंधा ठेवून मशीन थांबवावे, बेडवर लाकडी फळी टाकावी आणि हॅक्सॉने कापून घ्यावे. नंतर जॉब उलटा धरून तोंड साफ करता येते.

काम सुरू करण्यापूर्वी ट्रे रिकामा करून पांढरा कागद अंथरला, तर हुकलेला जॉब सापडतो. पितळी नग स्टीलच्या किसात गेला असेल, तर पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवून कीस उचलावा. नग खाली राहतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की नागपुरात कामाच्या खोलीतही वाळ्याचा कूलर लागतो. त्या दमट हवेत पाणी मिसळलेल्या कटिंग ऑइलने ओला स्टीलचा नग किसात रात्रभर राहिला, तर सकाळी त्यावर गंजाचे ठिपके दिसतात. त्यामुळे सुटलेले नग त्याच दिवशी मोजून, पुसून, तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डबीत टाकावेत.